लदेणीपासून चालकविरहित ट्रकपर्यंत

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगाव परिसरात जे सोयाबीन, जी तूर आणि जो कापूस पिकतो, त्यातला फार थोडा भाग त्याच परिसरात खपतो. बाकीचा माल कारंज्याच्या बाजार समितीत, तेथून तेल गिरणीत, डाळ मिलमध्ये किंवा जिनिंगमध्ये आणि अखेरीस शेकडो किलोमीटर दूरच्या ग्राहकापर्यंत जातो, आणि या प्रत्येक टप्प्यावर त्याला कोणाच्या तरी पाठीवरून किंवा चाकांवरून प्रवास करावा लागतो. शेतकऱ्याच्या हाती पडणारा भाव आणि ग्राहकाने मोजलेली किंमत यांच्यामधल्या अंतरात वाहतुकीचा हिस्सा असल्यामुळे वाहतुकीची रीत बदलली की त्याचे परिणाम दोन्ही टोकांना जाणवतात. चालकाशिवाय धावणारा ट्रक ही या बदलांतील अलीकडची पायरी असून, तिचा लाभ कामगाराला होईल, ग्राहकाला होईल, की दोघांनाही वगळून तिसऱ्याच कोणाला होईल, याची चर्चा आज अनेक देशांत चालू आहे. वाशीम जिल्ह्यापुरता मात्र हा प्रश्न नवा नाही, कारण माल वाहणाऱ्या माणसांची जागा यंत्राने घेतल्याचा एक पुरा अध्याय या मुलखाने दीडशे वर्षांपूर्वी अनुभवला आहे.

तांडे आणि आगगाडी

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे सर्वांत मोठे श्रद्धास्थान असून तेथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. हा समाज आज शेती, मजुरी आणि नोकरीत दिसत असला, तरी त्याचा मूळ व्यवसाय मालवाहतुकीचा होता. बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ आणि इतर माल लादून तो मुलखामुलखांत पोहोचवण्याच्या या धंद्याला बंजारा बोलीत लदेणी म्हणतात, आणि शेकडो, कधी हजारो बैलांचा हा फिरता कारवां ज्या वस्तीसह चाले तो तांडा. मोगल आणि मराठा फौजांना रसद पुरवणारे, किनाऱ्यावरचे मीठ अंतर्भागात आणणारे आणि वऱ्हाडचा माल दूरच्या बाजारपेठांपर्यंत नेणारे हे लोक त्या काळातील वाहतूक व्यवस्थेचा कणाच होते.

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली आणि १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा होऊन वऱ्हाडच्या कापसाची मागणी वाढली होती. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर ते यवतमाळ हा सुमारे ११३ किलोमीटरचा अरुंद रुळांचा मार्ग कारंज्यावरून गेला, जो लोकांच्या तोंडी शकुंतला या नावाने राहिला. कापूस जलद आणि स्वस्तात बंदरापर्यंत जाऊ लागला, मीठ आणि कापड खेड्यात सुलभ झाले, शेतकऱ्याला दूरची बाजारपेठ उघडली. ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर लाभ स्पष्ट होता आणि तो नाकारण्याचे कारण नाही.

लदेणी करणाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर मात्र एका पिढीच्या आतबाहेर त्यांचा पिढीजात धंदा संपला. धंदा गेल्यावर त्यांतील अनेकांना जमीन मिळाली नाही, दुसरे कौशल्य शिकवले गेले नाही. उलट १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या राजवटीत देशाच्या निरनिराळ्या भागांतील बंजारांच्या काही गटांवर गुन्हेगारीचा शिक्का बसला आणि त्यांचे फिरणे हेच संशयाचे कारण ठरले. तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये रद्द झाला आणि महाराष्ट्रात या समाजाची गणना विमुक्त जातींमध्ये होते. याच समाजातील वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते, तरीही बंजारा समाजातील अनेक कुटुंबे आजही दर हंगामात ऊसतोडीसाठी घर सोडतात, आणि आता ऊस तोडणारी हार्वेस्टर यंत्रे त्या फडातही येऊ लागली आहेत. म्हणजे वाहतुकीचा खर्च घटल्याचा लाभ सर्वांत विखरून गेला, पण त्याची किंमत एका समाजाने एकवटून मोजली. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनी आपल्या प्रमुख ग्रंथाच्या १८२१ मधील तिसऱ्या आवृत्तीत यंत्रांविषयी नवे प्रकरण घालून, यंत्रामुळे राष्ट्राचे उत्पन्न वाढत असतानाही कामगारवर्गाचे नुकसान होऊ शकते, असे आपले आधीचे मत बदलून मान्य केले होते. वऱ्हाडातील तांड्यांचा इतिहास हे त्या विधानाचे चालतेबोलते उदाहरण ठरले.

स्वयंचलन म्हणजे नेमके काय

ट्रक स्वतः चालतो असे म्हटले की एकदम रिकामी केबिन डोळ्यांपुढे येते, परंतु अभियंते स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या मानतात. शून्य ते दोन या पायऱ्यांवर यंत्र केवळ मदतनीस असते: पुढे अडथळा आला आणि चालकाचे लक्ष नसले तर ते आपोआप ब्रेक लावते, गाडी पट्टा सोडू लागली तर इशारा देते किंवा स्टिअरिंग किंचित वळवते, आणि चालकाच्या पापण्या मिटू लागल्या तर आवाज करून त्याला सावध करते. तिसऱ्या पायरीवर यंत्र काही काळ गाडी चालवते, पण त्याने हाक देताच माणसाने ताबा घ्यावा लागतो. चौथ्या पायरीवर, ठरवून दिलेल्या रस्त्यांवर आणि ठरावीक हवामानात, माणसाची गरजच राहत नाही. आणि कोठेही, केव्हाही चालणारे पाचव्या पायरीचे वाहन अद्याप कोणाला बनवता आलेले नाही. या ट्रकचे डोळे म्हणजे कॅमेरे, रडार आणि लायडार; यांतील लायडार हे लेसर किरण फेकून त्यांच्या परावर्तनावरून भोवतालच्या वस्तूंचे अंतर मोजणारे साधन असून, या तिन्हींकडून आलेली माहिती एकत्र करून संगणक क्षणाक्षणाला निर्णय घेतो.

चौथ्या पायरीचा ट्रक जेथे खरोखर रुळला ती जागा सार्वजनिक रस्ता नसून खाण आहे. ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागातील लोहखनिजाच्या खाणींत रिओ टिंटो कंपनीचे प्रचंड ट्रक चालकाविना धावतात आणि त्यांच्यावर सुमारे दीड हजार किलोमीटर दूर असलेल्या पर्थ शहरातून देखरेख ठेवली जाते. महामार्गावर अमेरिकेतील ऑरोरा या कंपनीने २०२५ च्या एप्रिलअखेरीस टेक्सास राज्यात डॅलस आणि ह्यूस्टन या शहरांदरम्यान चालकाविना व्यापारी मालवाहतूक सुरू केली, परंतु काही आठवड्यांतच ट्रक बनवणाऱ्या कंपनीच्या विनंतीवरून चालकाच्या आसनावर निरीक्षक म्हणून माणूस पुन्हा बसवावा लागला.

महाराष्ट्रात अशा वाहनाला त्यातल्या त्यात मानवेल असा रस्ता म्हणजे नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, जो कारंजा तालुक्यातून जातो आणि ज्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. या मार्गावर ठरावीक ठिकाणांखेरीज कोणी शिरू शकत नाही, दुचाकी आणि तीनचाकींना बंदी आहे, समोरून वाहन येत नाही. म्हणजे यंत्राला गोंधळात टाकणाऱ्या बऱ्याच गोष्टी तेथे मुळातच नाहीत. पण कारंज्याला महामार्ग सोडून गाडी गावाच्या रस्त्याला लागली की चित्र पालटते: दिवाळीच्या सुमारास डांबरावर वाळत घातलेले सोयाबीन, एका बाजूला उलटी लावलेली ट्रॉली, मध्येच वळणारी बैलगाडी, शेळ्यांचा कळप आणि साइड द्या म्हणून हाताने केलेली खूण. ही खूण समोरच्याला उद्देशून आहे की मागच्याला, हे मानवी चालक पाहताक्षणी ओळखतो. यंत्राला ते ओळखणे अजून अवघड आहे. त्यामुळे स्वयंचलित ट्रक भारतात आलाच तर तो प्रथम महामार्गाच्या मधल्या लांब टप्प्यावर येईल, आणि दोन्ही टोकांची वाहतूक दीर्घकाळ माणसाच्याच हाती राहील, असे मानणे वस्तुस्थितीला धरून होईल.

वीस पैशांचा हिशेब

ग्राहकाचा लाभ मोजण्यासाठी एक काल्पनिक पण साधा हिशेब उपयोगी पडेल. कारंज्याहून २०० क्विंटल तूरडाळ घेऊन एक ट्रक नवी मुंबईतील वाशीच्या बाजारात निघाला आणि या संपूर्ण खेपेसाठी चालक व क्लिनर यांचा पगार आणि भत्ता मिळून ४,००० रुपये खर्च आला, असे समजले, तर तो खर्च क्विंटलमागे २० रुपये, म्हणजे किलोमागे २० पैसे पडतो. शंभरीच्या पुढे विकल्या जाणाऱ्या डाळीत हे २० पैसे पुरते वाचले, तरी गिऱ्हाइकाच्या पिशवीला त्याचा पत्ता लागणार नाही. अमेरिकेत चालकाचे वेतन हा ट्रक चालवण्याच्या खर्चातील सर्वांत मोठ्या बाबींपैकी एक असल्यामुळे तेथे चालक वगळण्याचा आर्थिक मोह मोठा आहे. भारतात खर्चाचा मोठा भाग डिझेल, टायर, टोल आणि कर्जाचे हप्ते यांत जातो, माणूस हीच त्यातली स्वस्त बाब आहे, आणि म्हणून माणूस काढून टाकल्याने होणारी बचतही लहान आहे.

यावर असा आक्षेप घेता येईल की खरी बचत पगारात नसून वेळेत आहे, कारण यंत्राला झोप लागत नाही आणि तोच ट्रक महिन्यात जास्त खेपा करू शकतो. हा मुद्दा बरोबर असला, तरी भारतीय ट्रकचा वेळ कोठे जातो हे पाहिल्यावर त्याचे वजन कमी होते. तो वेळ मोठ्या प्रमाणात माल भरण्या-उतरवण्याच्या रांगेत, परतीचे भाडे मिळेपर्यंत ट्रान्सपोर्टच्या अड्ड्यावर आणि शहराची नो एन्ट्री उठण्याची वाट पाहण्यात जातो, आणि चालक काढल्याने यातले काहीच हटत नाही. याउलट साध्या सुधारणांनी आणि साध्या स्वयंचलनाने मिळालेला लाभ डोळ्यांसमोर आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्यांच्या सीमांवरील कर नाके उठले, आणि फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्यावर, केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार, टोल नाक्यावरील सरासरी थांबा सुमारे आठ मिनिटांवरून ४७ सेकंदांवर आला. देशाचा मालवाहतूक व साठवणुकीचा खर्च एकूण देशांतर्गत उत्पादनाच्या १३ ते १४ टक्के असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले जात होते. अलीकडच्या सरकारी अंदाजांत तो ८ टक्क्यांच्या आसपास धरला जातो. यात मोजण्याच्या पद्धतीतला फरक मोठा असला, तरी चालकाला हात न लावता खर्च घटवण्याच्या वाटा बऱ्याच आहेत, एवढे त्यावरून दिसते.

ग्राहकाला आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाला मिळू शकणारा दुसरा लाभ पैशात मोजता येत नाही. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. समृद्धी महामार्गावर १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ झालेल्या बस अपघातात २५ प्रवाशांचा बळी गेला, आणि त्यानंतर सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाला येणारी गुंगी हा विषय राज्यभर चर्चेत आला. झोप ओळखणारी आणि आपोआप ब्रेक लावणारी साधने येथे खरोखर जीव वाचवू शकतात. मात्र ही साधने खालच्या, मदतनीस पायऱ्यांची आहेत. त्यांसाठी केबिन रिकामी करावी लागत नाही, उलट केबिनमधला माणूसच सर्वांआधी वाचतो.

चालक, क्लिनर आणि हमाल

कामगारांच्या बाजूने विचार करताना सर्वांना एका मापाने मोजणे चुकीचे ठरेल, कारण एकाच ट्रकभोवती तीन निरनिराळे कामगार असतात आणि स्वयंचलनाचा परिणाम प्रत्येकावर वेगळा होतो. पहिला चालक. त्याची स्थिती अशी की वाहतूकदार चालक मिळत नाहीत म्हणून तक्रार करतात आणि चालक आपल्या मुलाने स्टिअरिंग धरू नये अशी इच्छा बाळगतो. म्हणजे टंचाई माणसांची नसून माणसाने करावे असे हे काम ठेवण्याची आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे करणारा केंद्राचा नियम हा या कामाला माणूसपण देण्याचा एक उशिरा आलेला प्रयत्न आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये, चालकविरहित वाहनांमुळे चालकांचा रोजगार जाईल म्हणून ती भारतात येऊ देणार नाही, अशी भूमिका जाहीरपणे घेतली. अवघ्या काही दिवसांनी, १ व २ जानेवारी २०२४ रोजी, अपघातानंतर पळून जाण्याविषयीच्या नव्या शिक्षेविरुद्ध चालकांनी गाड्या उभ्या केल्या तेव्हा राज्यातील पेट्रोल पंपांवर लागलेल्या रांगांनी चालकावर सारा व्यवहार किती अवलंबून आहे हे दाखवून दिले.

दुसरा क्लिनर, जो काच पुसतो, मागे घेताना आवाज देतो, ताडपत्री बांधतो, टायर बदलतो आणि काही वर्षे असे काढून स्वतः चालक होतो. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातील मालवाहतूकदारांनी ई-चलनाविरुद्ध जो संप केला, त्यातील मागण्यांमध्ये अवजड वाहनावर क्लिनर ठेवण्याची सक्ती रद्द करावी हीही मागणी होती, आणि तिच्या समर्थनार्थ नव्या वाहनांतील कॅमेरे व सेन्सर यांचा दाखला दिला जातो. चालक जाईल की नाही यावर वाद चालू असताना स्वयंचलनाचे पहिले पाऊल प्रत्यक्षात क्लिनरच्या जागेवर पडत आहे. ही केवळ एका हलक्या पगाराच्या नोकरीची गोष्ट नाही. शाळा सुटलेल्या खेड्यातल्या मुलासाठी चालक होण्याची ती बिनफीची शाळा होती, आणि ती बंद करताना चालक घडवण्याची दुसरी शाळा उघडावी लागेल.

तिसरा हमाल. बाजार समितीच्या आवारात ट्रॉलीतून सोयाबीनचा ढीग पडतो, हर्रास होते, मापारी काटा लावतो, कट्टे भरून शिवले जातात आणि हमाल ते पाठीवर घेऊन फळीवरून चढत ट्रकमध्ये थप्पी लावतो. पूर्वी हेच पोते शंभर किलोचे असे. हमालांच्या चळवळीने ५० किलोच्या पोत्याचा आग्रह धरला, तेव्हा कामाची गती कमी होईल अशी ओरड झाली, पण व्यापार थांबला नाही आणि माणसांचे मणके वाचले. ओझे हलके करणारे यंत्र, मग तो कन्वेअर पट्टा असो वा ट्रॉली झुकवणारा जॅक, हमालाच्या हिताचेच असते. त्याचे नुकसान होते ते हमालीचा दर कट्ट्यामागे असल्यामुळे, कारण यंत्राने उचललेल्या कट्ट्याची हमाली त्याला मिळत नाही.

हा प्रश्न कसा सोडवता येतो याचा एक नमुना महाराष्ट्राजवळ आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडींच्या लढ्यानंतर राज्याने १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. त्याची कल्पना अशी की हमालाचा मालक रोज बदलत असला, तरी मंडळ एकच असावे. ज्याचा माल उचलला जातो त्याने मजुरीबरोबर ठरावीक टक्के लेव्ही, म्हणजे कल्याणासाठीची आकारणी, मंडळाकडे भरावी आणि त्यातून कामगाराला भविष्य निर्वाह निधी, बोनस व रजा मिळाव्यात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोदी कामगारांनी हॅरी ब्रिजेस यांच्या नेतृत्वाखाली १९६० मध्ये याच दिशेचा करार केला होता: बंदरात यंत्रे येऊ देण्यास संघटनेने संमती दिली आणि बदल्यात मालकांनी दरवर्षी ५० लाख डॉलर एका निधीत भरून कामगारांना हमी वेतन व लवकर निवृत्तीची सोय दिली. त्या करारानेही नव्याने येऊ पाहणाऱ्यांसाठी कामे राखली नाहीत, आणि गोदीतील मनुष्यबळ पुढे घटलेच. तरी जे कामावर होते ते रस्त्यावर आले नाहीत.

मालकी कोणाची

येथवरच्या विवेचनात कामगार आणि ग्राहक यांचे हित परस्परविरोधी आहे असे गृहीत धरल्यासारखे वाटेल, पण ट्रकच्या मालकीकडे पाहिले की तसे राहत नाही. भारतात बहुसंख्य ट्रक एक, दोन किंवा चार गाड्या असलेल्या छोट्या मालकांचे आहेत आणि त्यांतील कित्येक मालक स्वतःच चालक आहेत. या असंख्य मालकांमध्ये भाड्यासाठी चढाओढ असते म्हणूनच खर्चात झालेली बचत बऱ्याच अंशी भाड्याच्या दरात उतरते आणि पुढे सरकते. स्वयंचलित ट्रक मात्र महाग उपकरणे, अचूक नकाशे, दूरस्थ देखरेखीचे केंद्र आणि मोठा विमा यांशिवाय चालू शकत नाही, आणि हे सारे गावातल्या मोटरमालकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. छोटे मालक बाजूला होऊन वाहतूक मोजक्या कंपन्यांच्या हाती गेली, तर वाचलेले वीस पैसे ग्राहकाकडे किंवा शेतकऱ्याकडे वळवणारी चढाओढच उरणार नाही. जो बदल चालकाचे काम घेतो तोच ग्राहकाचा लाभही अडवू शकतो, हे या विषयातील फारसे न बोलले जाणारे सत्य आहे. शकुंतला रेल्वेचा इतिहास याला पुष्टी देतो, कारण तो मार्ग स्वातंत्र्यानंतरही खाजगी कंपनीच्या मालकीचा राहिला, भारतीय रेल्वे तो कराराने चालवत राहिली, १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले वाफेचे इंजिन त्यावर १९९४ पर्यंत धावत होते, आणि ज्या भागातील कापसासाठी तो घातला गेला त्या भागाला त्याच्या सुधारणेवर कधी हक्क सांगता आला नाही.

तेव्हा निष्कर्ष असा निघतो की चालकाला मदत करणारे स्वयंचलन आजच्या परिस्थितीत कामगार आणि ग्राहक या दोघांच्याही हिताचे आहे आणि ते लवकर यावे. चालकाला वगळणारे स्वयंचलन भारतात ग्राहकाला किलोमागे काही पैशांपेक्षा अधिक देण्याची शक्यता कमी असून कामगाराकडून मात्र पुष्कळ घेणारे आहे. त्यावर केवळ बंदी घालून भागणार नाही, कारण मंत्री बदलतात आणि भूमिकाही बदलतात; वाहतूक कामगारांसाठी माथाडी मंडळासारखी कायमची व्यवस्था आणि छोट्या मालकांना एकत्र येऊन नवी साधने घेता यावीत अशा सहकारी संस्था, ही तयारी यंत्र येण्यापूर्वीच करावी लागेल.

या तयारीचा आरंभ कोठून करावा हे शोधण्यास दूर जावे लागत नाही. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने चालकाचे काम दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तासांपर्यंत मर्यादित केले होते, आणि तो कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. १९६१ च्या त्या कायद्याची मर्यादा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक उपक्रमांपुरती होती. एक ट्रक, एक चालक आणि एक क्लिनर एवढाच पसारा असलेली गाडी तिच्या बाहेर राहिली.